पिवळा तुमचा तुम्ही लावा

आमच्या घरात आइस्क्रीम कोणी खात नाही. मला दातांमुळे सोसत नाही आणि दादाला गोडाचा तिटकारा. पण आइस्क्रीमच्या काड्या म्हणाल तर शेकड्यांनी. खिडकीच्या कट्ट्यावर, फडताळात, कपबशांच्या मागे. एकदा तर माझ्या चष्म्याच्या डबीत निघाली. प्रत्येक काडीच्या एका टोकाला रंग आणि मागे पेन्सिलीनं तारीख. मी म्हणायचे, "दादा, एक दिवस ह्या सगळ्या चुलीत घालीन बघ." तो म्हणायचा, "आपल्याकडे गॅस आहे."

दादा माझा थोरला भाऊ, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, आता चौऱ्याहत्तरचा. तरुणपणी हवाई दलाच्या कारखान्यात विमानं रंगवायचा. तिशीच्या आतच ती नोकरी सोडली आणि पुढं जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. लग्न केलं नाही. माझा संसार आठ वर्षांत आटोपला, नवरा गेला, तेव्हा मी ट्रंक उचलून त्याच्याकडे आले. तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांची डोकी खात राहतोय.

पाट्यांचं काम थांबल्यावर त्याला हा नवा नाद लागला. जगात प्लॅस्टिकची छोटी विमानं जोडणारे लोक आहेत, हे मला तोवर ठाऊकही नव्हतं. चांगले मोठे बाप्ये, दाताचे डॉक्टर, बँकेतले साहेब! ह्यांची तक्रार एकच. जुन्या लढायांतल्या विमानांचे रंग आता कोणी बनवत नाही, आणि दुकानात ज्या तयार बाटल्या मिळतात त्यांच्यावर नाव बरोबर असतं पण आतला रंग चुकीचा. मग ते दादाला पत्र लिहितात. अमक्या विमानाच्या पोटाचा निळा कुठल्या बाटलीनं येईल? दादा चार दिवस काड्या रंगवतो आणि उत्तर देतो: निळ्या झाकणाच्या एकसष्ट नंबरचे नऊ थेंब, गोल बाटलीच्या चौदा नंबरचे तीन. ते लोक त्याला छटाकाका म्हणतात. उत्तरं लिहायचे मी, कारण त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि मी तीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होते, थेंबांचा हिशेब मला कळतो.

त्याचे नियम कडक. रंग बघायचा तो सकाळी दहा ते बारा, उत्तरेच्या खिडकीत. तेव्हा मी ट्यूब लावली तर अंगावर ओरडायचा. छोट्या विमानाला मूळ रंगापेक्षा थोडा पांढरा जास्त, कारण लांबची वस्तू फिकी दिसते आणि हातातलं छोटं विमान म्हणजे लांबून बघितलेलं मोठं विमान. आणि ओल्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. "ओला एक दिसतो, वाळला की दुसराच. उद्या बघू," म्हणायचा. ते 'उद्या बघू' ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

दोन गोष्टी मात्र विचित्र होत्या. एक म्हणजे तो पिवळ्या रंगाला हात लावायचा नाही. कोणी कितीही गळ घातली तरी माझ्याकडून एकच वाक्य लिहून घ्यायचा: पिवळा तुमचा तुम्ही लावा. दुसरी गोष्ट समुद्री करड्याची. समुद्रावर टेहळणी करणाऱ्या विमानांचा तो रंग. त्याबद्दल कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, तो रंग तयार बाटल्यांतून जुळत नाही. आणि घरातल्या निम्म्याहून जास्त काड्या त्याच करड्याच्या! ढग भरून आले की तो त्यातल्या काही काड्या खिडकीच्या कट्ट्यावर उभ्या रोवायचा, मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करायचा आणि विचारायचा, "किती दिसतात?"

"नऊ," मी म्हणायचे.

"दहा ठेवल्यात."

अंगावर काटा यायचा माझ्या. मी पुढं होऊन बोट लावून मोजायचे, तर दहाच असायच्या.

मला एवढं माहीत होतं, की त्यानं रंगवलेलं एक विमान समुद्रावर गेलं आणि परत आलं नाही. आत तेवीस वर्षांचा वैमानिक होता, एकटा. ना माणूस सापडला, ना विमानाचा तुकडा. दादा त्याबद्दल बोलायचा नाही आणि मीही विचारायचे नाही. दुपारी चारचे टोले पडले की हातातलं काम टाकून तो उभा राहायचा, मिनिटभर, दाराकडे पाठ करून. पहिली काही वर्षं मी थट्टा केली. मग तीही सोडून दिली, कारण त्या मिनिटात घरात आमच्याशिवाय आणखी कोणीतरी आहे असं मलाही वाटायला लागलं होतं.

मागच्या वर्षी एका सकाळी एक बाई आल्या. साठीच्या, टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या, काखेत खोका. खोक्यात प्लॅस्टिकच्या विमानाचे सुटे भाग होते. त्यांना दादाचा पत्ता त्या दाताच्या डॉक्टरांनी दिला होता. "माझ्या भावाचं विमान ह्याच जातीचं होतं," त्या म्हणाल्या. "माझी आई ब्याण्णव वर्षांची आहे. ती म्हणते, कुठल्या रंगात गेला ते एकदा बघू दे. तुम्ही रंगवून द्याल का, दादा?" मी त्याला दादा म्हणते हे ऐकून त्यांच्या तोंडून आपोआप निघालं असावं. मग ओशाळून म्हणाल्या, "मी त्यालाही दादाच म्हणायचे."

खोक्यातून त्यांनी घडीवर चिकटपट्टी लावलेलं एक सरकारी पत्र काढलं. त्यात विमानाचा नंबर आणि वर्णन होतं. वरून समुद्री करडा, खालून फिकट निळा, पंखांवर आणि शेपटीवर हातभर रुंद पिवळे पट्टे. तीन दिवस शोध घेतला, काही आढळलं नाही. दादानं नंबर वाचला आणि त्याच्या हातातला ब्रश खाली पडला. मला वाटलं, म्हातारपण.

"तो रंग जुळत नाही," तो म्हणाला.

"थोडा इकडेतिकडे असला तरी चालेल. पट्टे तेवढे हवेत," बाई म्हणाल्या. "आईचा सगळा जीव त्या पट्ट्यांत आहे. ती म्हणते, एवढे पिवळेजर्द पट्टे असलेलं विमान पाण्यावर पडलं तर तीन दिवसांत दिसणार नाही? आंधळे होते का सगळे? म्हणजे ते पाण्यात पडलंच नाही. कुठंतरी उतरला असेल, कुठंतरी असेल. शेहेचाळीस वर्षं झाली, आमच्या दाराला कडी लागलेली नाही. दिवसा उघडं, रात्री नुसतं लोटलेलं. मी कधी घर सोडून चार दिवस कुठं गेले नाही. लग्नाचं तर राहूच द्या."

त्या खोका ठेवून गेल्या. नको म्हणायचं दादाला सुचलंच नाही.

दादा दुपारभर खुर्चीत बसून होता. चारचे टोले पडले तेव्हा उठला नाही, तिथूनच म्हणाला, "पट्टे मी दिलेच नव्हते गं."

मग सगळं सांगितलं. शनिवार होता. करडा देऊन झाला होता, पण ओला होता. पट्टा सरळ यायला कडेला चिकटपट्टी लावावी लागते, आणि ओल्या रंगावर ती लावली की काढताना खालचा रंग सोलून येतो. म्हणून पिवळा दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा. पण कामाची कार्डं शनिवारी चारला ऑफिसात जमा व्हायची. तासाभराचं काम शिल्लक असलं तर सगळेच रंगारी कार्डावर आधीच 'पूर्ण' लिहून सही करून मोकळे व्हायचे. यानंही केली. सकाळी पिवळ्याचा डबा घेऊन हँगरमध्ये गेला तर जागा रिकामी. दुसरं कुठलंसं विमान बिघडलं म्हणून पहाटेच हे पाठवलं होतं, कार्ड पूर्ण होतं म्हणून. हा डबा घेऊन तिथंच थांबला, की आलं की पट्टे देऊन टाकू. दुपारपर्यंत आलं नाही.

"मी साहेबांच्या दारापर्यंत गेलो होतो. ते फोनवर शोधणाऱ्यांना सांगत होते, पिवळे पट्टे बघा, पिवळे पट्टे. मी उभा राहिलो. म्हटलं, उद्या सांगू."

"आणि सांगितलं नाहीस."

"तीन दिवस ते पिवळं शोधत होते."

माझं डोकं फिरलं. "अरे, तोंडाला कुलूप लागलं होतं का तुझ्या? सापडला असता तो!"

"सापडला असता की नाही, माहीत नाही. पडला तेव्हाच गेला असेल. माहीत नाही, तेच तर आहे." मग म्हणाला, "बाबा गेले होते. तुझा कंपाउंडरचा कोर्स चालू होता. नोकरी गेली असती तर—"

"वा रे वा! म्हणजे खापर माझ्या डोक्यावर? मी सांगितलं होतं का तुला, गप्प बस म्हणून?"

"तुझ्यावर नाही गं. तू विचारलंस म्हणून बोललो."

मी दुधाचं पातेलं असं आपटलं की त्याला पोचा आला. अजून आहे तो. रागाच्या भरात आठवलं, की माझा कोर्स संपला त्याच महिन्यात यानं नोकरी सोडली होती. माझं सर्टिफिकेट दवाखान्याच्या भिंतीवर तीस वर्षं टांगलेलं होतं, मी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवायचे. ते कशावर टांगलेलं होतं हे मला एकोणसत्तराव्या वर्षी कळलं. त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही आणि स्वतःशीही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं फडताळाच्या तळातून एक पत्र्याची डबी काढली. कारखान्यात रंगाचा नवा डबा फोडला की एका छोट्या पत्र्यावर नमुना घेऊन ठेवत. तसला पत्रा त्यात होता, त्या विमानाच्या करड्याचा. एवढी वर्षं त्यानं डबी उघडलीच नव्हती; सगळ्या काड्या आठवणीवरून रंगवल्या होत्या. उघडली आणि त्याचा चेहरा उतरला. आत शेवाळी पिवळट काहीतरी होतं.

"हा तो नव्हे," तो म्हणाला. मग स्वतःच बोलला, "थांब, थांब. तेलाचा रंग अंधारात कोंडला की पिवळा पडतो. उन्हात ठेवला की परत येतो."

तीन आठवडे तो पत्रा उन्हाच्या खिडकीत होता. मी जाता-येता बघायचे. पहिले काही दिवस काहीच नाही. मग रोज थोडा पिवळेपणा जायला लागला आणि आतून तो करडा वर यायला लागला. खरं सांगते, मला त्या खोलीत एकटीनं केर काढायची भीती वाटायची. कोणीतरी पाण्याच्या तळातून सावकाश वर येतंय असं वाटायचं.

पूर्ण परतल्यावर दादानं काड्या तारखेप्रमाणे मांडल्या आणि एकेक पत्र्याशी लावून बघितली. अलीकडची एकही जुळेना. मागं मागं जात गेला तेव्हा अगदी सुरुवातीच्या दोन वर्षांतल्या काड्या बरोबर बसल्या. त्यानंतर दर वर्षी रंग थोडा गडद, थोडा आणखी पाण्यासारखा होत गेला होता. "मीच बुडवत होतो त्याला, दर वर्षी," तो म्हणाला. खरा करडा बराच साधा होता. मी म्हटलं, "बघ, एवढा काही लपणारा नव्हता, दिसलाही असता." त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी चहा टाकायला उठले.

जुळवायला त्याला एकच सकाळ लागली. ज्या रंगाला एवढी वर्षं जुळत नाही म्हणाला, तो चार बाटल्यांत आला, आणि मी थेंब लिहून घेतले.

पण पट्ट्यांचं काय? मी स्वतः दुकानात जाऊन पिवळी बाटली आणून त्याच्यासमोर ठेवली. "हे बघ, शहाणपणा पुरे. ब्याण्णव वर्षांची म्हातारी आहे. तिला तो कुठंतरी आहे असं वाटतं, वाटू दे. दोन पट्टे ओढ आणि तिला सुखानं डोळे मिटू दे."

"ती कुठं डोळे मिटतेय? दाराकडे बघत बसलीय."

"मग तुला तुझं मन मोकळं करायचंय म्हणून तिचा मुलगा मारणार तू?"

हे मी बोलायला नको होतं. पण बोलले, आणि आजही मला वाटतं की त्यात चूक काय होतं? करडा वाळलेला होता. त्यानं पंखावर चिकटपट्टीच्या दोन बारीक पट्ट्या लावल्या, बाटली उघडली, ब्रश बुडवला. ब्रशच्या टोकाला पिवळा थेंब जमला. चारचे टोले पडायला लागले आणि हात तसाच वर राहिला. शेवटी त्यानं ब्रश थिनरमध्ये धुतला, चिकटपट्टी काढली, बाटलीचं झाकण घट्ट केलं आणि ती शर्टाच्या खिशात ठेवली. "तिथं बघू," म्हणाला.

बाईंच्या घरी आम्ही सकाळी दहाला गेलो. दार सताड उघडं, खाली विटेचा तुकडा लावलेला. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस आत बघत होता आणि आतून ती म्हातारी प्रत्येकाकडे बघत होती. पलंग मुद्दाम दाराच्या रेषेत ठेवलेला. अंगात काही उरलं नव्हतं, पण नजर आणि आवाज दोन्ही खणखणीत.

दादानं विमान तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं ते खिडकीकडे धरलं, वर केलं, खाली केलं. मग पुढच्या काचेला एक डोळा लावून बघितलं.

"इथं बसायचा का तो?"

"हो, आई."

"एवढ्याशा जागेत! पाय केवढे लांब होते त्याचे." तिनं बोटानं पंख चाचपला. "आणि पट्टे कुठायत? कागदात लिहिलंय."

दादाचा हात खिशाकडे गेला. मी मनातल्या मनात म्हणत होते, सांग, राहिलेत म्हणून सांग, आत्ता लावून देतो म्हण. तेवढ्यात त्या बाईच त्याच्या मदतीला धावल्या, बिचाऱ्या. "अगं आई, रंग ओला असेल. पट्टे उद्या देतील ते."

"नाही," दादा म्हणाला. "उद्या नाही." त्यानं बाटली काढून पलंगावर ठेवली. "पट्टे नव्हतेच, आई. तुमच्या मुलाचं विमान मी रंगवलं होतं. रंग ओला होता म्हणून पट्टे मी दुसऱ्या दिवसावर टाकले आणि कार्डावर झाले म्हणून सही केली. विमान तसंच गेलं. असं गेलं, ह्या रंगात. आणि मी कोणाला सांगितलं नाही."

बाहेर सायकलची घंटी वाजली. म्हातारीनं सवयीनं तिकडं बघितलं आणि मग परत दादाकडे.

"म्हणजे ते पिवळं शोधत होते."

"हो."

"आणि तो करडा होता."

"हो, आई."

"मेल्या, मग तेव्हाच का नाही बोललास रे!" तिनं मूठ उगारून त्याच्या हातावर मारली. पुन्हा मारली. त्या मुठीत चिमणीएवढं बळ नव्हतं, पण दादा आतून हलत होता. "दर वर्षी त्याचे कपडे उन्हात घातले मी. सदऱ्यांची बटणं तुटली ती लावली. हिला कुठं जाऊ दिलं नाही, दोघी नसताना आला तर काय म्हणून. का नाही बोललास?"

"भ्यालो," दादा म्हणाला.

बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदर तोंडात धरून. मी दादाचा दंड धरला होता आणि माझ्याच डोळ्यांना धार लागली होती. त्यानं सांगितलं तर म्हातारी जागीच जाईल असं मला वाटलं होतं. ती गेली नाही. बराच वेळ विमान छातीवर धरून पडून राहिली. मग लेकीला म्हणाली, "दार लाव."

बाईंनी वीट सरकवली, दार लोटलं.

"नुसतं नको. कडी लाव."

कडी लागेना. शेहेचाळीस वर्षांत दाराला चार-पाचदा रंग लागला होता आणि प्रत्येक वेळी कडीवरूनच ब्रश फिरला होता. ती दाराशी एकजीव होऊन बसली होती. बाईंनी ओढून बघितली, मी ओढून बघितली. मग दादा पुढं झाला. त्याच्या खिशात नेहमी खरवडायची छोटी सुरी असते. त्यानं कडीच्या कडेनं ती घातली आणि सावकाश खरवडायला लागला. आधी तपकिरी निघाला, त्याखाली हिरवा, मग एक जुना निळा. पापुद्रे त्याच्या चपलांवर पडत होते. त्यानं एकदाही घाई केली नाही. शेवटी लोखंड दिसलं, कडी सुटली, आणि त्यानं ती वर नेऊन कोयंड्यात घातली.

"बसली का?" म्हातारीनं पलंगावरून विचारलं.

"बसली, आई."

तिनं दाराकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. खोलीत एकदम अंधारल्यासारखं झालं. आता आम्हांला घरी जायला हवं होतं. आम्ही तिघं त्या बंद दारासमोर उभे होतो, आणि कडी काढायला कोणाचाच हात पुढं होईना.